काळ्या मण्याचा रंग

पहिल्या दिवशी मी ते यंत्र सुरू केलं तेव्हा आई हातातली पळी तशीच घेऊन मांगराच्या, म्हणजे घराबाहेरच्या कोठाराच्या, दारात धावत आली. खळ्यात पेजेचे थेंब सांडत आले होते. आत मी होते. समोर कडाप्प्याची फरशी, तिच्या कडेला आवळून बसवलेला, काच वितळवायला गॅसची ज्योत सोडणारा छोटा टॉर्च, आणि पायाशी तो पांढरा, चाकांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. दर काही सेकंदांनी तो दम सोडल्यासारखा फुस्स करतो, आत काहीतरी टक् वाजतं आणि पुन्हा घरघर सुरू होते. हा आवाज आमच्या माजघरात साडेतीन महिने रात्रंदिवस होता. आईनं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बंद कर ता," एवढंच म्हणाली. मी बंद केलं. पुढचे आठ दिवस मांगराची कडी काढली नाही.

एप्रिल २०२१च्या शेवटी बाबा हॉस्पिटलमधून घरी आले ते या यंत्रासकट. फुफ्फुसं कोविडनं पोखरली होती. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं यंत्र, तेही पुण्याच्या मामेभावानं कुठून कुठून मिळवून गाडीत घालून पाठवलेलं. १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत वर सरकलं. पहाटेच वाडीतली लाईट गेली ती सहा दिवस आली नाही. त्या दिवशी वाऱ्यात माड वाकत असताना शेजारच्या ट्रॉलरवाल्यानं स्वतःचा जनरेटर आमच्या पडवीत आणून लावला. स्वतःच्या घरात त्यानं चिमणी पेटवली. हे उपकार फेडायचे म्हटले तरी फिटायचे नाहीत, आणि त्यानं ते कधी काढलेही नाहीत. बाबा वादळातून वाचले. श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी गेले. यंत्र चादरीखाली झाकून कोपऱ्यात गेलं.

त्या वेळी मी काचेच्या नादाला लागलेली नव्हते. नाद त्यानंतरचा. पुण्यात दोन दिवस एका बाईंकडे टॉर्चवर मणी करायला शिकले. कामासाठी गेले होते, वेळ होता, म्हणून गेले. पण सळीच्या टोकाशी पहिला मणी लोंबला, तांबडालाल, मधासारखा, आणि सळी फिरवली तसा आपोआप गोल होत गेला, तेव्हा माझ्या पोटात जे हललं ते मला नीट सांगता येणार नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं, मला हे करायचं आहे. ती म्हणाली, कर. यंत्राचं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. टॉर्चवर काम करणारे जगभरचे लोक अशीच जुनी कॉन्सन्ट्रेटर वापरतात हे मला पुण्यात कळलं होतं. हवेतला नायट्रोजन आतल्या झिओलाइटच्या खड्यांत अडकवायचा आणि नव्वद टक्क्यांवर शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडायचा, एवढंच त्याचं काम. पुढे माणसाचं नाक आहे की टॉर्चची नळी, हे त्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं. आईला विचारायला हवं होतं.

आठ दिवसांनी तीच म्हणाली, "लाव. माका सवय होयत." मी लावलं. ती दाराशी पाटावर बसून राहिली, संध्याकाळपर्यंत. नारळाच्या झावळ्यांचे हीर काढत होती. मान वर केली नाही.

आता कामाबद्दल सांगते, कारण लोक विचारतात आणि बहुतेकांना वाटतं मणी साच्यात ओततात.

टॉर्चला दोन नळ्या येतात, एक गॅसची आणि एक ऑक्सिजनची. नुसता गॅस जळला तर ज्योत लांब, पिवळी आणि सैल असते. काच तिच्यात तापते, पण काजळी धरते. ऑक्सिजन मिळाला की तीच ज्योत आखडून निळी, टोकदार होते आणि अडीच हजार अंशांच्या वर जाते. एका हातात काचेची कांडी, पेन्सिलीएवढी जाड. दुसऱ्या हातात स्टीलची बारीक सळी, जिच्यावर चिनी मातीचा लेप वाळवलेला असतो. लेप नसेल तर काच सळीला कायमची धरते. मण्याचं भोक म्हणजे ही सळी. कांडीचं टोक ज्योतीत लाल होऊन लोंबायला लागलं की सळीवर टेकवायचं आणि सळी स्वतःपासून दूर फिरवायची. काच सळीवर गुंडाळली जाते, साडीच्या काठासारखी. मग कांडी जाळून तोडायची आणि सळी फिरवत राहायची. थांबलं की मणी खाली ओघळतो. त्याला गोल करणारं हत्यार नसतंच. वितळलेल्या काचेला स्वतःच गोल व्हायचं असतं, पावसाच्या थेंबाला असतं तसं. आपण फक्त जमिनीच्या ओढीला एका बाजूनं जिंकू द्यायचं नाही.

डोळ्यांना जांभळट चष्मा लागतो. डायडिमियमचा. काचेत सोडा असतो, सोड्यातलं सोडियम ज्योतीत गेलं की अशी पिवळी आग फेकतं की मणी दिसेनासाच होतो. चष्मा नेमका तेवढाच पिवळा रंग, ५८९ नॅनोमीटरचा, गिळतो. चष्मा लावला की आग विझल्यासारखी वाटते आणि तिच्या आत मणी स्वच्छ दिसतो. मला अजून, इतक्या दिवसांनी, चष्मा डोळ्यांवर ओढण्याच्या त्या क्षणाचं अप्रूप वाटतं.

घरी करायचं तर धोकेही मनापासून सांगायला हवेत. गॅसचा सिलिंडर घरगुती नाही, व्यावसायिक, आणि तो मांगराच्या बाहेर. नळी भिंतीतून आत येते. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरून बसतो, म्हणून मांगराच्या चिऱ्यांच्या भिंतीत तळाशी दोन चिरे काढून झरोके केले. अंगावर सुती कपडे, नायलॉनची ओढणी नाही. दोन्ही नळ्यांना ज्योत मागे फिरू न देणारी झडप. आणि कोकणातल्या घराला खास लागू होणारी गोष्ट: खोबरेल लावलेला हात ऑक्सिजनच्या जोडणीला लावायचा नाही. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीची वाटही पाहत नाहीत. आमच्याकडे केसांना, पायांना, दाराच्या बिजागरीलाही खोबरेल. मी कामाआधी शिकेकाईनं हात धुते.

पावसाळ्यात लेप वाळत नाही. आचऱ्याच्या खाडीकडून येणारी हवा जूनपासून एवढी ओली असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. लेप लावलेल्या सळ्या मी चुलीच्या वरच्या माळ्यावर उभ्या ठेवते, जिथं आगोटीचं सुकट ठेवलेलं असतं. माझ्या मण्यांना त्याचा वास येत नाही, याची मी खात्री केली आहे. ओल यंत्रातल्या खड्यांनाही सोसत नाही, म्हणून पावसात ते घरात, चुलीशेजारच्या खोलीत असतं आणि लांब नळी मांगरात जाते.

माझ्या कांड्या येतात इटलीतल्या मुरानोहून. व्हेनिसजवळचं बेट. १२९१ साली व्हेनिसच्या सत्तेनं काचवाल्यांच्या भट्ट्या शहरातून काढून या बेटावर नेल्या, आगीच्या भीतीनं. मुंबईच्या विक्रेत्यानं बांधलेला पुडा एसटीच्या पार्सलनं कणकवलीला येतो. पहिला पुडा आणायला मी गेले त्या दिवशी हायवेवर कासार्ड्याहून येणारे वाळूचे ट्रक समोरून जात होते. कासार्ड्याची सिलिका वाळू. पांढरी, साखरेसारखी. कणकवली तालुक्यातली ही वाळू खणून, धुऊन बाहेर काचेच्या कारखान्यांना आणि ओतशाळांना जाते. मी मांडीवर मुरानोच्या कांड्या घेऊन बसले होते आणि खिडकीतून काच होण्याआधीची काच जात होती. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश लागतात. त्यात सोडा घातला की पुष्कळ खाली वितळते, पण मग पाण्यात विरघळायला लागते. म्हणून चुना. वाळू, सोडा, चुना. खिडकीची काच, बांगडी, सरबताची बाटली आणि माझी कांडी, सगळ्यांचा मूळ मसाला हाच.

घरी येऊन मी बरंच वाचलं. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' म्हणून बंदरांचं वर्णन आहे. त्यात आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण, चौल ही नावं ग्रीक उच्चारात येतात. आणि भडोचला नि केरळातल्या मुझिरिसला उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. न घडवलेली, गोळ्यांची काच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून काच जहाजात घालून आपल्याकडे येत होती आणि इथला कुणी हात ती तापवून तिचे मणी करत होता. त्याच काळचा रोमन लेखक प्लिनी मात्र लिहून गेला की भारतातली काच फुटक्या स्फटिकांपासून करतात, म्हणून तिची बरोबरी कुठल्या काचेला नाही. ती दोन वाक्यं मी आईला वाचून दाखवली. तिला आवडली ती जहाजाची गोष्ट. तिचे वडील पडावावर होते.

तिची स्वतःची काच म्हणजे कंदिलाची. 'प्रभाकर' कंदील कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला व्हायचा. ओगले बंधूंचा कारखाना १९१६चा. त्याच्या आधी, १९०८ साली, तळेगावला लोकांनी पैसा पैसा करून जमवलेल्या पैसाफंडातून काच कारखाना उभा राहिला होता. स्वदेशीचा काळ. लोकांनी एकेक पैसा देऊन काच केली ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आई लहानपणी रोज संध्याकाळी चुलीची राख फडक्यावर घेऊन कंदिलाची काच आतून पुसायची. हात लहान म्हणून ते काम तिच्याकडे. काच हातात धरायची कशी, हे मला तिनंच शिकवलं: घट्ट नाही, सैल नाही, आणि गरम काचेला ओलं फडकं कधी नाही.

ते शेवटचं म्हणजे या सगळ्या विद्येचा निम्मा भाग. मणी झाला की काम झालं असं नसतं. काचेतून उष्णता फार हळू वाहते. ज्योतीतून काढलेल्या मण्याचं अंग बाहेरून आधी गार होतं, आखडतं आणि थिजतं. आतला गर अजून तापलेला, पसरलेला. पुढे तोही आखडू लागतो, पण बाहेरचं कवच आता हलत नाही. ती ओढाताण मण्यात कोंडून राहते. मग मणी तासाभरानं फुटेल, आठवड्यानं फुटेल, किंवा कुणाच्या गळ्यात सहा महिन्यांनी एसटीत बसल्या बसल्या फुटेल. म्हणून तयार मणी गरम असतानाच छोट्या विजेच्या भट्टीत ठेवायचे, ५१५ अंशांच्या आसपास तासभर मुरू द्यायचे, आणि मग रात्रभर हळूहळू उतरवायचे. सकाळी भट्टी उघडायची. दोन पोलराइज्ड पडद्यांमध्ये मणी धरला की राहिलेला ताण उजळून दिसतो. न दिसला तर मणी शांत आहे.

आणि आमच्याकडे लाईट जाते. भट्टीला दीड किलोवॅट लागतो, घरच्या इन्व्हर्टरचं ते काम नाही. पहिल्या पावसाळ्यात माझे दोन दिवसांचे एकवीस मणी एका रात्रीत गेले. सकाळी भट्टी उघडली तर काहींचे सरळ दोन तुकडे, काहींना आत चंद्रकोरीसारखी चीर. मी मांगरात बसून रडले. आईनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी चुलीतली राख चाळून एका मडक्यात भरली, निखाऱ्यांशेजारी ठेवून मडकं तापवलं. "हेच्यात ठेव." राख उष्णता धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. भट्ट्या नव्हत्या तेव्हा ठिकठिकाणचे मणी करणारे हेच करत. वाटाण्याएवढे मणी राखेत नीट निघतात. सुपारीएवढे तडकतात. आता लाईट गेली की लहान मणी मडक्यात, मोठ्यांचं काम बंद.

आता बांगड्यांबद्दल.

आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, वाढते. 'माझी बांगडी वाढली' म्हणायचं. मंगळसूत्र वाढतं, दिवा वाढवतात, दुकान वाढवतात, नारळ वाढवतात. संपण्याचा, तुटण्याचा शब्द ओठांवर यायला नको म्हणून त्याच्या जागी वाढण्याचा शब्द ठेवणारी ही भाषा मला लहानपणापासून मायाळू वाटत आली. आजी तर बशी फुटली तरी 'वाढली' म्हणायची.

बाबा गेले त्याच्या चार दिवस आधी कासारीण येऊन गेली होती. नागपंचमी तोंडावर, बांगड्या भरायचा सण. बाबांनीच आईला म्हटलं होतं, भरून घे. कासारणीनं आईचा हात दाबून, वळवून, हिरवा चुडा भरला. एका हातात नऊ, एका हातात आठ. बाबा नाकात नळी घालून पलंगावरून बघत होते.

त्या दिवशी विहिरीवर आईला नेलं. भावकीतल्या दोघी-तिघी होत्या, सगळ्या मायेच्या, सगळ्या रडत होत्या. कुणाचाही त्यात दुष्टावा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्यांच्या हातूनही तेच झालं होतं किंवा होणार होतं. पण एक जण म्हणाली, "फोडा आता." मला तो शब्द ऐकू आला. त्या दिवशी बांगड्या वाढल्या नाहीत. जन्मभर ज्या भाषेनं काचेला फुटू दिलं नव्हतं, तिनंच त्या दिवशी तो शब्द उच्चारला, कारण आता आईसाठी शब्द जपायचं काही कारण उरलं नाही असं तिनं ठरवलं होतं. विहिरीच्या कठड्यावर दगडानं सतरा बांगड्या. आईनं हात मागे घेतला नाही. मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं. हे मी तेव्हाही जाणत होते.

पुढच्या मे महिन्यात, २०२२ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. मी ती बातमी पेपरातून कापून ठेवली. नऊ महिन्यांनी उशिरा आली होती, पण कुणाच्या तरी विहिरीवर वेळेत पोचेल.

तेरावं झाल्यावर मी कठड्याखालचे तुकडे वेचले होते. दुर्वांच्या मुळात, शेवाळात अडकलेले, बोटाच्या पेराएवढे हिरवे कमानीचे तुकडे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं. टॉर्च आल्यावर पहिल्या महिन्यातच मी डबा काढला. एक तुकडा चिमट्यात धरून ज्योतीत नेला, मुरानोच्या पारदर्शक कांडीच्या मण्यावर चढवला. सुंदर दिसला. सकाळी दोन्ही काचा एकमेकींपासून सुटून पडल्या होत्या. तेव्हा मला काचेचं दुसरं गणित कळलं. प्रत्येक काच तापली की किती फुगते आणि निवताना किती आखडते याचा आकडा ठरलेला असतो. माझ्या कांड्यांचा १०४. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट नळ्यांचा ३३. बाटल्यांची काच नव्वदीच्या आतबाहेर. वेगळ्या आकड्यांच्या काचा ज्योतीत एकजीव होतात, निवल्यावर एकमेकींना फाडतात. मग मी चुड्याची काच एकटीच वापरली. एकाच बांगडीचे तुकडे जुळवून, बाहेरचं काही न मिसळता. बुडबुडे आले, सोनेरी रेघेचा वर्ख जळून करडा झाला. पण एक मणी निघाला, वाटाण्याएवढा, माडाच्या कोवळ्या पातीच्या रंगाचा. राखेच्या मडक्यातून तो अख्खा निघाला.

मी तो आईच्या तळहातावर ठेवला. तिनं ओळखला. काही विचारलं नाही. थोडा वेळ धरला आणि परत दिला. "ह्यो तुझ्याकडे ठेव. माका नको." तिचा आवाज कडू नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला जे देऊ पाहत होते ते माझ्या मनाचं ओझं होतं. विहिरीवर गप्प राहिल्याचं. ते तिनं गळ्यात कशाला घालायचं?

तो मणी माझ्याकडे आहे.

गेल्या मार्गशीर्षात मी काळ्या कांडीचं काम करत होते. नक्षीसाठी बारीक दोरे लागतात. कांडीचं टोक ज्योतीत गोळा करायचं, चिमट्यात पकडायचं आणि ज्योतीबाहेर दोन्ही हात सावकाश लांब न्यायचे. काच पाकाच्या तारेसारखी ओढली जाते, हातभर, शेवयीएवढी. आई दाराशी बसून वाल सोलत होती. सकाळचं ऊन आत येत होतं. मी तार ओढली आणि ती म्हणाली, "अगो, काळो खंय हा? ह्यो तर जांभळो."

खरंच. जाड काळी कांडी तारेत जांभळी होते. काळी काच म्हणजे बहुधा काळी नसतेच. मँगनीज किंवा दुसरं एखादं धातूचं द्रव्य एवढं घातलेलं असतं की उजेड आरपार जात नाही. बारीक केली, उजेड गेला, की खरा रंग कळतो. मी तिला हे सांगितलं. तिनं तार हातात घेतली, उन्हात धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. वाल तसेच टाकून उठली आणि घरात गेली.

आली तेव्हा तिच्या मुठीत गळसरी होती. सोन्याचं सगळं कपाटात ठेवलेलं आहे. ही नुसती काळ्या मण्यांची, आजीनं लग्नात घातलेली, दोरा मळलेला. बाबा गेल्यावर तिनं ती डब्यात ठेवली ती मी कधी पाहिली नव्हती. तिनं पदराच्या टोकानं मणी पुसले, एक उन्हात धरून पाहिला. मोहरीएवढा मणी, काही दिसेना. मग तिनं दोऱ्याची गाठ दातानं सोडली आणि पाच मणी काढून फरशीवर माझ्यासमोर ठेवले.

"ओढून बघ."

मी म्हटलं, आई, वितळले की परत यायचे नाहीत. ती म्हणाली, "माका ठावक हा. बेचाळीस वर्सा गळ्यात घातलंय. खरो रंग खंयचो तो बघूक तरी होयो."

माझे हात थरथरत होते. सरळ ज्योतीत धरले तर एवढे लहान मणी फटकन उडतात. मी एका सळीच्या टोकात ते ओवले, ज्योतीच्या लांब, पिवळ्या शेपटाशी धरून हळूहळू तापवले, मग पुढे नेलं. पाच मणी वितळून एक थेंब झाला. दुसऱ्या सळीनं टोक पकडलं आणि ओढलं. तार वीतभरही आली नाही, केसाएवढी बारीक, मध्येच वाकडी. आईनं चष्मा पुसला, तार घेतली आणि दारात उजेडाकडे गेली.

जांभळी नव्हती. हिरवी होती. पिवळट, गडद, जुन्या बाटलीसारखी. लोखंड जास्त असलेल्या काळ्या काचेचा असाच रंग निघतो. आई बराच वेळ बघत राहिली.

"पावसात बावीच्या दगडार शेवाळ येता, तसलो," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला मणी करायला सांगितलं. पहिल्यांदा. पारदर्शक मणी, त्यावर ही तार. मी तिला आकड्यांचं गणित पुन्हा समजावलं, या दोन काचा एकमेकींच्या नाहीत, सकाळी सुटून पडेल. अगदी थोडी काच वरून लावली तर कधीकधी टिकते, पण खात्री नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कर. मी आवळ्याएवढा न करता शेंगदाण्याएवढा केला, ताण कमी पडावा म्हणून. त्याच्या पोटावर ती तार एकदाच फिरवली. विरली नाही. एक बारीक हिरवी रेघ उरली. भट्टीत ठेवला. रात्रभर लाईट राहिली.

सकाळी मी चहा ठेवायच्या आधी ती मांगराच्या दारात उभी होती. भट्टी तेव्हा चाळीस अंशांवर होती. मी मणी काढला, पडद्यांमध्ये धरला. रेघेच्या कडेला थोडा उजेड होता, ताणाचा. चीर नव्हती. मी तेही तिला खरं सांगितलं. तिनं मणी पाण्यात बुडवून सळीवरून काढायला लावला, आतला लेप सुईनं कोरून काढला, आणि गळसरीच्या उरलेल्या मण्यांचा दोरा त्याच्यातून घालून पाहू लागली. दोरा अडकला. तिनं तोंडात घालून ओला केला, पुन्हा पीळ दिला.

"भोक बारीक केलंस गो," ती म्हणाली. "दोरो दुपदरी होयो माका. एकपदरी तुटता."

माझ्याकडे याहून जाड सळी होती. तार मात्र संपली होती. तिनं गळसरी पुढे केली आणि आणखी पाच मणी मोजून काढू लागली.